ढोलाच्या पोटात काय आहे?

चेन्नईस बदलून आलेल्या आपल्या मराठी मंडळींत एक मत फार दिवसांपासून रूढ आहे: चित्रपटातील प्रतीकयोजना पाहावी ती ‘प्रभात’चीच, येथील जेमिनीवाल्यांनी नुसता भपका केला! पुरावा म्हणून ‘चंद्रलेखा’मधील ढोलनृत्याकडे बोट दाखविले जाते. वस्तुतः हा पुरावाच त्या मताविरुद्ध साक्ष देतो.

‘कुंकू’ची (१९३७) थोरवी मला सर्वस्वी मान्य आहे. शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत वर्ज्य करून नैसर्गिक ध्वनींवरच भिस्त ठेविली. म्हणूनच वृद्ध काकासाहेबांच्या घरातील घड्याळाची टिकटिक ही सरत्या आयुष्याची चाहूल ठरली. ते घड्याळ काढा, की कथा लंगडी पडते. प्रतीकाची खरी कसोटी हीच.

आता हीच कसोटी एस. एस. वासन यांच्या ‘चंद्रलेखा’स (१९४८) लावून पाहा. जुलमी शशांकाशी विवाह करण्यास नायिका वरकरणी रुकार देते, परंतु त्या सोहळ्यात ढोलनृत्य व्हावे अशी मागणी करते. राजवाड्यासमोर अजस्र ढोल रांगेने मांडले जातात, त्यांवर नृत्य रंगते, शशांक भान विसरतो. आणि नृत्य संपताच त्याच ढोलांतून नायकाचे सैनिक बाहेर पडतात. वर उत्सव, आत बंड! मदांध सत्तेस स्वतःच्या गौरवाचा नाद तेवढा ऐकू येतो. ढोलाच्या पोटातील माणूस तिला दिसत नाही. हे नृत्य गाळले तर बंडच उरत नाही. मग यास भपका कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, ही तर ट्रॉयच्या लाकडी घोड्याची उसनवारी. असेल, पण तो घोडा मुका होता. येथे संगीत हीच युक्ती आहे.

शिवाय ‘नवरंग’मध्ये (१९५९) संध्या एकाच देहाने पुढून स्त्री आणि पाठीमागून पुरुष होऊन नाचते, जोडीस हत्तीही नाचतो, त्यास आपण कल्पकता म्हणतो. मग वासन यांच्याच वाट्यास नापसंती का?

जेमिनी स्टुडिओ आज राहिला नाही. त्याचे नाव लोकांच्या तोंडी उड्डाणपुलापुरते उरले आहे. त्या पुलावरून आपण कचेरीस जातो आणि बदलीचा हुकूम आला की येथे पाहण्यासारखे काही नव्हते, असे सांगत गावी परततो. कागद न वाचता मारलेला शेरा कचेरीत चालत नाही. तो कलेच्या बाबतीत तरी का चालावा? ढोलनृत्य आधी डोळे उघडून पाहावे, मग खुशाल भांडावे.