मोहिनी कोणाच्या रक्तात?

व्हिडिओ गेम हा आपल्या अंकाचा विषय कधीपासून झाला, असे एखादी मैत्रीण विचारील. सिनेमातली बाई, जाहिरातीतली बाई, पाठ्यपुस्तकातली बाई, या सगळ्यांची आपण चिरफाड केली. खेळातल्या बाईला मात्र 'पोरांचा टाइमपास' म्हणून सोडून दिले. मी वस्तीतल्या किशोरवयीन मुलामुलींबरोबर काम करते. त्यांच्या शेजारी बसून हे खेळ पाहिले आहेत, खेळलेही आहेत. त्यातल्या एकाच गोष्टीशी माझे भांडण आहे. ती म्हणजे दुसऱ्याला वश करण्याची 'जन्मजात' शक्ती.

जादू, राक्षस, तलवारी यांच्या या काल्पनिक जगात शिरताना आधी आपला वंश निवडायचा असतो. मानव, एल्फ, ऑर्क, बुटके हाफलिंग, असे अनेक. प्रत्येक वंशाला काही गुण जन्मतःच मिळतात. या पद्धतीचे मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-फाशांच्या खेळात आहे आणि पुढे संगणकावरच्या असंख्य खेळांनी ती उचलली. गुणांच्या या यादीत 'चार्म' असते. म्हणजे सरळ मराठीत वशीकरण. ज्याच्यावर ते चालते तो वैर विसरतो, हातचे राखत नाही.

हे गुण बाईला कसे वाटले गेले ते पाहण्यासारखे आहे. १९७६ साली 'द ड्रॅगन' या नियतकालिकात स्त्री-पात्रांसाठी नियम सुचवणारा एक लेख आला. त्यात बाईच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाच्या जागी 'सौंदर्य' मोजायचे होते आणि तिच्या हाती पुरुषांना भुलवण्याचे मंत्र द्यायचे होते. १९७८ च्या नियमपुस्तकात तर बाईच्या ताकदीला वंशागणिक वेगळी कमाल मर्यादा छापली गेली. हाफलिंग पुरुष १७ पर्यंत, हाफलिंग बाई १४ पर्यंत. ड्रॅगन चालतो, उडता घोडा चालतो, पण ताकदवान बाई म्हटली की यांना वास्तव आठवते! ती ताकदीची मर्यादा पुढे गेली. भुलवणे राहिले.

आणि भुलवण्यातही वरचे-खालचे आहे. 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतल्या 'ऑब्लिव्हियन' (२००६) या खेळात इम्पिरियल नावाचा राज्यकर्ता वंश आहे. त्याला जन्मतः मिळणाऱ्या शक्तीचे नाव 'सम्राटाचा आवाज'. समोरच्याची मर्जी ती तीस सेकंद आपल्याकडे वळवते. म्हणजे सत्ताधाऱ्याने वश केले तर ते वक्तृत्व, मुत्सद्देगिरी. आता २००४ सालच्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मधली सक्यूबस पाहा. तोकडे कपडे, हातात चाबूक आणि कामही तेच, 'सिडक्शन'. गंमत म्हणजे ती मोहिनी तिच्या मालकीचीही नाही. खेळाडू मांत्रिक हुकूम करतो तेव्हा तिने ती वापरायची. २०२१ मध्ये तिच्या जागी पुरुष-रूप निवडण्याची सोय झाली. ठीक आहे, पण मालक आणि राबणारी जात हा मामला होता तसाच राहिला.

'बाल्डर्स गेट' (१९९८) मध्ये एल्फला वशीकरणापासून ९० टक्के संरक्षण आहे, अर्ध्या एल्फला ३० टक्के आणि मानवाला काहीच नाही. म्हणजे 'नाही' म्हणण्याची कुवतसुद्धा रक्तात किती आणे कोणाचे, त्यावर ठरते.

'अहो, हा खेळ आहे,' असे मला सांगितले जाते. पण रक्तात गुण असतात हा खेळ आपल्याकडे कायद्याने खेळला गेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या डोक्यातून गेलेला नाही. कोल्हाटी समाजातल्या नाचणाऱ्या बायकांबद्दल 'यांच्या अंगातच असतं ते' हे वाक्य शिकलेल्या माणसांच्या तोंडून मी ऐकले आहे. जिच्या अंगातच मोहिनी आहे तिच्यावर जबरदस्ती होऊच शकत नाही, हा त्याचा पुढचा अर्थ. तो कोणी बोलून दाखवत नाही, पण कुटुंब सल्ला केंद्रात 'तिनेच भुरळ घातली' असे सांगणारा नवरा, 'माझ्या पोरावर काहीतरी केलंय हिनं' म्हणणारी सासू, दोघेही त्याच अर्थाने बोलतात.

खेळ बनवणाऱ्यांना हे अगदीच कळत नाही असे नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनी २०२० साली काही वंश जन्मजात दुष्ट दाखवल्याबद्दल सुधारणेचे आश्वासन दिले आणि २०२४ च्या पुस्तकात 'रेस' हा शब्दच काढून 'स्पीशीज' आणला. शब्द गेला. एल्फचा वशीकरणाला विरोध करण्याचा जन्मजात गुण मात्र नव्या पुस्तकातही आहे.

मला अधिक मोलाचा वाटतो तो २०१४ च्या नियमांतला एक छोटा बदल. 'चार्म पर्सन' हा मंत्र तासाभराने उतरला की ज्याच्यावर तो चालवला त्याला कळते, आपल्याला वश केले होते आणि कोणी केले होते. 'फ्रेंड्स' नावाचा मंत्र उतरल्यावर तर समोरचा वैरीच होतो. 'ऑब्लिव्हियन'मध्ये सेकंद संपले की मर्जी पूर्ववत, कोणाला काही कळले नाही, हिशेब मिटला. जिच्या मनाविरुद्ध झाले तिला ते आठवते, तिला राग येतो, हे मान्य करणारा नियम आणि न मानणारा नियम यांत फार अंतर आहे.

म्हणून गेम बंद करा अशी माझी मागणी नाही. मोबाइल हिसकावून घेणाऱ्या आईवडिलांशीही माझे जमत नाही. मागणी एवढीच, की वश करण्याची शक्ती वंशाच्या यादीतून काढा. ज्याला हवी त्याने ती शिकून घ्यावी, वापरावी आणि जादू उतरल्यावर समोरच्याला तोंड द्यावे. आता पुण्या-मुंबईतही तरुण मुलेमुली गेम बनवतात. त्यांच्या महाविद्यालयांत आपल्या गटांनी जायला हवे. आमच्या किशोर गटात पुढच्या महिन्यापासून मुलांनी खेळत असलेल्या दोन खेळांचे नियम मोठ्याने वाचायचे ठरले आहे. मुलींनी त्याच सत्राला आपले खेळही आणायचे आहेत.