एम.एस्सी.चा विचार निकालाआधी हवा

कर्नाटकाच्या सीमाभागातल्या सदलग्याहून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. त्यामुळे बी.एस्सी.चा निकाल लागला की इथल्या घराघरांत एकच चर्चा रंगते: एम.एस्सी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात करायची की बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात? प्रश्न गैर नाही, पण तो फार उशिरा विचारला जातो आणि उत्तर देताना विषयापेक्षा बसची सोय जड ठरते. आयआयटी व बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रवेशासाठी असलेल्या ‘जॅम’चे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरून घेतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. अनेक केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, सीयूईटी-पीजी, मार्चच्या सुमारास असते. म्हणजे शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सत्रात ज्याने ठरवले नाही, त्याच्यासाठी निकालाच्या दिवशी जवळचे विद्यापीठच उरते. त्याला निवड म्हणता येत नाही.

याचा अर्थ कोल्हापूर दुय्यम, असा मुळीच नाही. पातळ फिल्म आणि पदार्थविज्ञानाच्या संशोधनासाठी शिवाजी विद्यापीठाचे नाव आहे. त्या विषयात रस असलेल्याने तिथेच जावे, पण तिथल्या प्रयोगशाळेत काय चालते हे पाहून जावे. एम.एस्सी.नंतर काय, हेही आधीच तपासायला हवे. संशोधन शिष्यवृत्ती आणि प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीची सीएसआयआर-नेट परीक्षा पाच विषयगटांतच होते: रसायन, भौतिक, जीव, गणिती आणि भूविज्ञान. अलीकडे आकर्षक नावांचे एम.एस्सी. अभ्यासक्रम बरेच निघाले आहेत, त्यांतला आपला अभ्यासक्रम कोणत्या गटात बसतो, हे प्रवेशाआधी विचारणारे फार थोडे. ही परीक्षा पार करून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात.

सीमाभागातल्या मुलांपुढे आणखी एक गुंता आहे. कर्नाटकाने 2021 मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि 2024 मध्ये ती पुन्हा तीन वर्षांवर आणली. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. दोन वर्षांची, चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाचीही असू शकते. त्यामुळे एकाच घरातल्या थोरल्याचे आणि धाकट्याचे गणित वेगळे पडू शकते. शिवाय कर्नाटकाच्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या राज्य आरक्षणाचा लाभ सहसा मिळत नाही. सीमाभागातील 865 गावांसाठी महाराष्ट्राच्या काही व्यावसायिक प्रवेशांत सोय आहे, पण ती एम.एस्सी.लाही लागू असेल असे गृहीत धरू नये. केंद्रीय संस्थांत मात्र केंद्राचे आरक्षण चालते, सीमावादाची झळ तिथे लागत नाही.

विसाव्या वर्षी एवढे कुठे ठरवता येते, असा आक्षेप येईल. तो खरा आहे, पण अर्ज भरणे म्हणजे आयुष्य ठरवणे नव्हे, त्याने फक्त एक वाट खुली राहते. ऐपतीचा प्रश्न अधिक गंभीर, आणि तो नियोजनाच्या बाजूनेच बोलतो. भारतीय विज्ञान संस्थेच्या एकात्मिक पीएच.डी.त विद्यावेतन मिळते, हे जून-जुलैत कळून उपयोग काय? इंग्रजीची भीतीही खरीच. मराठी किंवा कन्नड शाळेतून आलेल्या मुलाला इंग्रजी प्रश्नपत्रिकेशी झटावेच लागते, म्हणून तर त्याला महिने जास्त हवेत. निपाणी-चिकोडीच्या महाविद्यालयांनी दर ऑगस्टमध्ये बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गाला या परीक्षांच्या तारखा सांगाव्यात आणि अर्ज भरताना एक प्राध्यापक सोबत द्यावा. त्यासाठी कोणत्याही सरकारच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.