निंदण गेले, तण राहिले: वाशिमच्या पऱ्हाटीतला नवा प्रश्न

वाशिम जिल्ह्यात रिसोड, मालेगावकडे सोयाबीनचे राज्य आहे. कारंजा, मानोरा आणि मंगरूळपीर या पट्ट्यात मात्र अजून पऱ्हाटी टिकून आहे. मृग लागला की या गावांतल्या आपल्या वस्त्यांमधल्या बायकांचा हंगाम सुरू होतो. लागवड, मग निंदण, शेवटी वेचणी. यातले मधले काम, म्हणजे निंदण, गेल्या काही वर्षांत झपाट्याने कमी झाले आहे. एका बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा विषय चालू असताना एक ताई म्हणाली, "मॅडम, पयले एका वावरात तीन खेप निंदन निघे. आता पंप मारला का झालं. हप्ता कुठून भरू?"

तिचा प्रश्न गटाच्या वहीत कुठे लिहावा हे मला तेव्हा सुचले नाही. पण त्याचे उत्तर शोधायचे तर बियाण्याच्या पाकिटापासून सुरुवात करावी लागते.

साध्या पऱ्हाटीवर ग्लायफोसेट पडले तर तणासोबत पऱ्हाटीही मरते. जनुकीय बदल करून असे वाण तयार झाले की ज्यावर हे औषध पडले तरी पीक तगते. त्याला एचटीबीटी म्हणतात. गावात याला 'चोर बीटी' हे नाव पडले आहे आणि ते चपखल आहे. भारतात बोंडअळीविरोधी बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला मात्र ती मिळालेली नाही. कंपनीने २०१६ मध्ये आपला अर्जच मागे घेतला होता. तरीही बियाणे शेतात पोचले. २०२०-२१ मध्ये अशी सुमारे ३० लाख पाकिटे विकली गेली आणि पुढच्या वर्षी हा आकडा ७५ लाखांवर गेला, असे खुद्द बियाणे उद्योगाचे म्हणणे होते. शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने जून २०१९ मध्ये जाहीर कार्यक्रम घेऊन हे बियाणे लावले. पुढे गुन्हेही दाखल झाले. बियाणे आणखी पसरायचे मात्र थांबले नाही.

औषधाची गोष्टही अशीच आहे. ग्लायफोसेटला आपल्याकडे मान्यता होती ती चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ते फक्त कीडनियंत्रण चालकांमार्फतच वापरावे असे बंधन घातले. कीडनियंत्रण चालक म्हणजे शहरात वाळवी मारायला येतात ते. मानोऱ्याच्या वावरात तो कोण आणि कुठून येणार, हे अधिसूचना काढणाऱ्यांनाच ठाऊक.

आता शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तो शेतकरी नेहमी दुसराच कोणी असतो असे नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेतून ज्यांना चार एकर कोरडवाहू जमीन मिळाली, गायरान कसून ज्यांनी ती वहितीखाली आणली, अशी आपली कुटुंबेही चोर बीटी घेतात. जुलैमध्ये पावसाची झड लागली की आठ-दहा दिवस वावरात डवरा चालत नाही. तेवढ्यात तण पऱ्हाटीच्या डोक्यावर जाते. सगळ्यांना एकाच आठवड्यात मजूर हवे असतात, त्यामुळे ते मिळत नाहीत, मिळाले तर पैसे रोख लागतात. अशा वेळी अर्ध्या दिवसात दोन एकर मोकळे करणारा डबा त्याला दिसतो. त्याला मी दोष देऊ शकत नाही. आणि दिवसभर चिखलात वाकून, बाळाला धुऱ्यावर झोपवून केलेल्या निंदणाचे गोडवे गाणेही मला जमणार नाही.

प्रश्न असा आहे की हा डबा किती वर्षे चालेल?

बोंडअळीचे काय झाले ते आपल्याला आठवते. बीटी आले तेव्हा अळी मरत होती. पण लाखो अळ्यांमधल्या काही मोजक्या जन्मतःच वेगळ्या असतात, त्या विषातूनही वाचतात. बाकीच्या मेल्या की त्यांनाच मोकळे रान मिळते आणि काही वर्षांत सगळी पैदास त्यांचीच होते. म्हणून पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी येत असे आणि ती कडेने लावायची असे. किती जणांनी लावली? २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाची पऱ्हाटी खाल्ली आणि सरकारला मदत जाहीर करावी लागली. तणाचे गणितही हेच आहे. एकच औषध, एकाच वावरात, दरवर्षी मारले की त्यातून वाचणारे तण आपणच निवडून वाढवतो.

हे अंदाजाने सांगत नाही. आपल्याच देशात हरियाणा, पंजाबच्या गव्हात गुल्ली डंडा नावाचे तण आहे. तिथे भात-गहू, भात-गहू असे चक्र आणि त्यात वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासे झाले. काही शेतकऱ्यांवर उभा गहू चारा म्हणून कापायची पाळी आली.

अमेरिकेचे उदाहरण तर थेट कापसाचे आहे. तिथे ग्लायफोसेट सहन करणारा कापूस १९९७ पासून लावला जातो. पुढच्या आठ वर्षांच्या आत जॉर्जिया राज्यात माठाच्या कुळातले पामर नावाचे तण सापडले, जे ग्लायफोसेटला दाद देत नव्हते. त्याचे एक झाड लाखांनी बी टाकते. मग प्रचंड यंत्रे असलेल्या त्या शेतकऱ्यांनी काय केले? जुनी, जास्त विषारी औषधे पुन्हा काढली, नांगरट वाढवली आणि मजूर लावून हाताने तण उपटायला सुरुवात केली. फिरून निंदणच.

त्याच जॉर्जियात आणखी एक पाहुणा माजला, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. केना. ज्याची पावसाळ्यात आपण भाजी करतो, तोच. केना मुळातच ग्लायफोसेटला फारसा जुमानत नाही. बाकीचे तण मेले, त्याला जागा मिळाली आणि २००० नंतरच्या काही वर्षांत तो तिथल्या कापसातले सर्वांत त्रासदायक तण ठरला. तो जमिनीखालीही फुलतो आणि तिथेच बी धरतो. खुडून वावरातच टाकला तर ओल मिळताच कांडीला मुळ्या फुटतात. आपल्या बायका केना उपटून धुऱ्यावर नेऊन टाकतात, ते याच कारणाने. हे ज्ञान कोणत्याही डब्यावर छापलेले नाही.

इथे मला मुद्द्याचे बोलायचे आहे. तणाची प्रतिकारशक्ती कशी रोखायची याच्या सल्ल्यात शास्त्रज्ञ जे सांगतात त्याचा गाभा एवढाच: औषधातून वाचलेले झाड बी धरायच्या आत वावरातून बाहेर काढा. ते काम फवारणी करू शकत नाही, कारण ते झाड फवारणीतूनच वाचलेले असते. ते काम माणूस करतो. आपल्याकडे बहुतेक वेळा बाई करते. म्हणजे जिला आपण 'मजूरटंचाई' आणि 'वाढलेला खर्च' म्हणून हिशेबातून काढले, तीच या औषधाचे आयुष्य वाढवणारी आहे. पण ती तोवर गावात राहील का? निंदणाचे दिवस घटले की कुटुंब दिवाळीची वाट न पाहता वीटभट्टीवर किंवा पुण्याकडे निघते. दहा वर्षांनी तण मरेनासे झाल्यावर तिला हाक मारून ती परत येणार नाही, आणि मुलींना विळा कसा धरायचा हेही शिकवलेले नसेल.

मग करायचे काय? तणनाशक अजिबात नको, असे मी म्हणत नाही. कापसात कायदेशीर मान्यता असलेली औषधे आहेत. लागवडीनंतर लगेच, तण उगवायच्या आधी वापरायचे पेंडीमेथॅलिन आहे. उगवणीनंतरची पायरिथिओबॅक सोडियम आणि क्विझालोफॉप इथाइल आहेत. यांची कामाची पद्धत वेगवेगळी असल्याने दरवर्षी एकच न मारता बदलून वापरता येतात. त्यासोबत दोन-तीन डवरणी आणि किमान एक निंदण, तेही तण फुलोऱ्यावर यायच्या आधी. पऱ्हाटीत तुरीचे तास असतील तर ग्लायफोसेटचा पंप तसाही मारता येत नाही, तूर मरते. चोर बीटी आल्यापासून पऱ्हाटीतली तूर, मूग, उडीद का कमी झाले आणि घरची डाळ का विकत आणावी लागते, याचे एक कारण इथेही आहे.

हे शेवटचे निंदण ठेक्याने बचत गटाला द्यावे असे मी दोन गावांत सुचवून पाहिले. एका गावात शेतकरी हसले. दुसऱ्या गावात एकाने तीन एकराचे काम दिले, पैसे वेचणीनंतर देण्याच्या बोलीवर. बायकांनी ते घेतले, पण अर्धे पैसे आधी द्या म्हणाल्या आणि त्यांनी ते मिळवले.

फवारणाऱ्या माणसाचेही बोलायला हवे. निंदणाचे काम बायकांचे होते, फवारणीचे बहुतेक पुरुषांचे झाले. म्हणजे घरातली एक मजुरी गेली आणि दुसऱ्याच्या अंगावर विष आले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. ती औषधे कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. पण पाठीवरचा पंप तोच आणि उघडे पाय तेच. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये 'कर्करोगास बहुधा कारणीभूत' या गटात टाकले आहे. दुसऱ्या अनेक नियामक संस्थांचे मत वेगळे आहे. तो वाद मिटेपर्यंत हातमोजे, तोंडावर कापड आणि फवारणीनंतर साबणाने अंघोळ यांचा खर्च मालकाने उचलावा, एवढी मागणी तरी मजुराने बिनदिक्कत करावी.

आणि जे आपले लोक स्वतःच्या वावरात बियाणे लावतात त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. चोर बीटीचे पक्के बिल मिळत नाही. बियाणे उगवले नाही, किंवा ग्लायफोसेट मारल्यावर पऱ्हाटीच जळाली, तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे ठेवायला हातात काहीच नसते. मान्यताप्राप्त बियाणे घेतले तर बिल, पाकीट, त्यावरचे लेबल आणि थोडे बियाणे हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. ज्यांच्याकडे लोखंडी पेटी आहे त्यांनी सातबाऱ्याशेजारी ठेवले तरी चालेल.