वकील मागणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे

"काही केलेच नसेल तर वकील कशाला हवा?" असे आपल्या घरांतून सहज म्हटले जाते. ही समजूत घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेस अल्फारेटा हे शहर आहे. तेथे आज बरीच मराठी कुटुंबे राहतात. लाभाची किंचित आशा किंवा इजेची दूरची भीती दाखवून घेतलेली कबुली पुराव्यात चालत नाही, असे त्या राज्याचा कायदा सांगतो. शिवाय १९६६ च्या मिरांडा खटल्यापासून, अटकेतल्या माणसाला चौकशीपूर्वी गप्प राहण्याचा आणि वकील जवळ ठेवण्याचा हक्क सांगावा लागतो. १९८१ पासून नियम असा, की त्याने वकील मागितला की पोलिसांनी प्रश्न थांबवावेत.

पण मागणी स्पष्ट हवी. १९९४ च्या डेव्हिस खटल्यात आरोपी म्हणाला होता, की कदाचित आपण वकिलाशी बोलावे. एवढे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. आपली माणसे नेमकी अशीच अदबीने, आडून बोलतात! चौकशीच्या खोलीत ही अदब महागात पडते.

वकील आला की गुन्हेगार सुटतो, असे काहीजण म्हणतील. मग मुंबईकडे पाहावे. ११ जुलै २००६ च्या लोकल बाँबस्फोटांच्या खटल्यात मोक्का कायद्याखाली पोलिसांनी कबुलीजबाब घेतले. २०१५ मध्ये पाच जणांना फाशी व सातांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते जबाब अग्राह्य ठरवून बाराही जणांना निर्दोष सोडले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. पण एकोणीस वर्षांनंतरही मृतांच्या आप्तांच्या हाती काय आले?

आपल्या मॉरिशसमध्येही २०११ च्या हॉटेलातील खून खटल्यात, कबुली मारहाण करून घेतली, असे एका आरोपीने सांगितले होते. २०१२ मध्ये ज्युरीने दोन्ही आरोपींना निर्दोष ठरवले. खुनी मात्र सापडला नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, वकिलासमोर दिलेली खरी कबुली न्यायालयात टिकते. त्यात पोलिसांचेही हित आहे. आणि परदेशी जाणाऱ्या मुलांना पालकांनी एक वाक्य जरूर शिकवावे: "मला वकील हवा." त्यात 'कदाचित' नको.