नऊचे दहा कळले, दहाचे वीस कळले का?

तुम्ही कॉलेज सांभाळून पार्टटाइम काम करत असाल, तर पुढे वाचण्याआधी एक मोजणी करा. तुमच्या दुकानात, कॅफेत किंवा ऑफिसात एकूण किती माणसं कामाला आहेत? काउंटरवरची, किचनमधली, गोडाऊनमधली, सगळी धरा. आकडा लक्षात ठेवा.

३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवायला मंजुरी दिली, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर मीम्सचा पाऊस पडला. कारखान्यांत नऊचे बारा तास, दुकानं आणि ऑफिसांत नऊचे दहा. कारखान्यांचा विषय मोठा आहे, तो इथे बाजूला ठेवते. आपल्यातले बहुतेक जण काम करतात ते दुकानं, हॉटेलं, कॉल सेंटर, छोटी ऑफिसं इथे. तिथे लागू होतो २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, आणि त्यातला बदल १ ऑक्टोबरला वटहुकमाने आलाही.

मीम सगळे 'नऊचे दहा'वर होते. पण त्याच बदलात दुसरा एक आकडा होता. हा कायदा आधी दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पूर्ण लागू व्हायचा. आता त्यासाठी वीस लागतात. म्हणजे ज्या दुकानात बारा, पंधरा, अठरा माणसं आहेत, त्यांच्यासाठी नऊ तास की दहा तास हा प्रश्नच उरला नाही. ते या कायद्याच्या मुख्य भागातून बाहेर पडले. माझ्या मते खरी बातमी ही होती.

थोडं मागे जाऊ. १९४८ च्या जुन्या मुंबई दुकाने कायद्यात असा आकडाच नव्हता. एक नोकर असलेलं दुकानही त्यात यायचं. २०१७ मध्ये दहाची अट आली. आठ वर्षांत दहाचे वीस. सरकारचं म्हणणं असं की छोट्या व्यावसायिकाच्या डोक्यावरचं कागदांचं ओझं कमी व्हावं, गुंतवणूक यावी. हे अगदीच खोटं नाही. बारा माणसांचं दुकान चालवणाऱ्याला रजिस्टरं आणि नोंदण्या सांभाळायला वेगळा माणूस ठेवणं परवडत नाही. पण कागद कमी करायचे होते तर कागद कमी करता आले असते. त्यासोबत सुट्ट्याही का गेल्या?

कारण गेलं ते फक्त ओझं नाही. या कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत, वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे. मुलींना रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर त्यांची संमती घ्यायची आणि सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची सोय करायची, हेही याच कायद्यात आहे. विसाच्या आतल्या दुकानाचा मालक आता फक्त 'आमचा व्यवसाय सुरू आहे' अशी सूचना देऊन मोकळा होतो. गंमत म्हणजे मराठी पाटीला ही सूट नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पाटी देवनागरीत हवी म्हणजे हवीच, आत दोन माणसं असोत की दोनशे.

विसाच्या वर असाल तर दहा तासांचं गणित एकदा स्वतः करून बघा. दिवसाचे तास वाढले तरी आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच आहे. सहा दिवस रोज दहा तास म्हणजे ६०, म्हणजे आठवड्याला १२ तास ओव्हरटाइम. तीन महिन्यांचे तेरा आठवडे धरले तर १५६. आणि नव्या नियमात ओव्हरटाइमची कमाल मर्यादा तिमाहीला १४४ तास आहे (आधी १२५ होती). म्हणजे 'कायदा बदललाय, आता रोज दहा तास यायचं' असं कुणी म्हणालं, तर ते या नव्या कायद्यातही बसत नाही! आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने. समजा २६ दिवसांना, रोज आठ तासांप्रमाणे १५,६०० रुपये मिळतात, तर तासाचे झाले ७५ आणि ओव्हरटाइमच्या तासाचे १५०.

मग बारा-पंधरा जणांच्या दुकानातल्यांना काहीच नाही का? आहे, पण ते दिल्लीहून आलंय. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली वेतन संहिता माणसं मोजत नाही. किमान वेतन, जादा तासांचे दुप्पट पैसे, पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत पगार, नोकरी सोडली की दोन कामकाजाच्या दिवसांत हिशोब, हे चार माणसांच्या दुकानालाही लागू. दुसरी, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची संहिता, दहा कामगारांपासून सुरू होते. तिच्यात नेमणूकपत्र सक्तीचं आहे आणि दिवसाची मर्यादा आठ तासांची. राज्य म्हणतं दहा, केंद्र म्हणतं आठ. कामगार हा समवर्ती सूचीतला विषय असल्याने दोघांनाही बोलायचा हक्क आहे, त्यामुळे हा घोळ मिटायला वेळ लागणार.

तुमच्यापैकी काही जण उद्या स्वतःचा क्लाउड किचन, स्टुडिओ, स्टार्टअप काढणार. तेव्हा 'आम्ही विसाच्या आत आहोत' म्हणून निर्धास्त होऊ नका. नोंदणीतून सूट आहे, पगारातून नाही. नेमणूकपत्र द्या, मस्टरवर येण्या-जाण्याची वेळ लिहा. आणि इंटर्नच्या जिवावर माणसं भरू नका; राज्याच्या कायद्यातला 'कामगार' मोबदला घेऊन काम करणारा आहे, म्हणजे फुकट राबणारा इंटर्न मोजणीतसुद्धा येत नाही. (हे एक इंटर्न लिहितेय, याची नोंद घ्यावी.)

सेकंड इयरला असताना दिवाळीत मी एका कपड्यांच्या दुकानात काम केलं. आम्ही तेरा जण होतो, म्हणजे तेव्हा कायदा पूर्ण लागू होता. पंधरा दिवस रोज सकाळी दहा ते रात्री नऊ उभी होते. शेवटी ठरलेला पगार आणि मिठाईचा बॉक्स मिळाला. जादा तासांचं विचारल्यावर मॅनेजर म्हणाले, "सीझन आहे गं, ॲडजस्ट कर." मी केलं, कारण विचारायला हातात काहीच नव्हतं. मस्टरमध्ये फक्त सही होती, वेळेचा रकानाच नव्हता. तुमच्याकडेही नसेल तर आजपासून येण्या-जाण्याची वेळ मोबाइलमध्ये टाकत चला, आणि सुट्टीसाठी किंवा उशिरा थांबण्यासाठी आलेले मेसेज डिलीट करू नका.