रोग प्रिंटरच्या ड्रायव्हरचा, इलाज फॉरमॅटचा!

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या कापडाच्या गावांत आता पेढीपेढीवर संगणक आहे. हिशेब त्यावर, बिले त्यावर, मालाचे ई-वे बिलही त्यावरच. असा संगणक ऐन ट्रक भरायच्या वेळी अचानक बंद पडतो, ही तक्रार बाजारात आमच्या कानावर नेहमी येते. दुरुस्तीवाला येतो, व्होल्टेजला दोष देतो, रॅम बदलतो आणि शेवटी सगळे पुसून फॉरमॅट करतो. आठ दिवसांनी मर्ज पुन्हा हजर!

दोष सापडण्याआधी केलेला फॉरमॅट हा इलाज नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ताग्यात खोट निघाली तर आपण माग भंगारात काढत नाही. ताणा पाहतो, बाणा पाहतो, माल कोणत्या मागावरचा ते विचारतो.

प्रिंटर, स्कॅनर, पडद्याचे कार्ड यांच्याशी विंडोज थेट बोलत नाही. मध्ये ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्राम दुभाष्याचे काम करतो. साधा प्रोग्राम चुकला तर तेवढाच बंद पडतो. परंतु बरेचसे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतात. तिथे चूक झाली तर आणखी नुकसान नको म्हणून विंडोज सगळे यंत्रच थांबवते. तो निळा पडदा म्हणजे हाच ब्रेक. (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला आहे.)

मार्च २०२१ चा मामला पाहा. विंडोज १० चे मासिक अपडेट आले आणि क्योसेरा, रिको, झेब्रा यांच्या काही प्रिंटरवर छपाईचा हुकूम देताच संगणक बंद पडू लागले. प्रिंटर शाबूत, रॅम शाबूत. कसूर विंडोजच्याच गाभ्यातल्या एका ड्रायव्हर फाइलमध्ये होता आणि मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. तोवर ज्याने फॉरमॅट करून तेच अपडेट पुन्हा घातले असेल, त्याच्या पदरात काय पडले? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा प्रोग्राममुळे जगभरात सुमारे ८५ लाख संगणक बसले, आपल्याकडे विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. तिथेही गाभ्यातल्या ड्रायव्हरने एक सदोष फाइल वाचली होती. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढली की यंत्र सुरू!

तेव्हा दुरुस्तीवाल्याला आधी विचारा, यंत्र बंद पडते म्हणजे नेमके काय होते? पडदा न दिसता वीज गेल्यासारखे विझत असेल तर व्होल्टेज, पॉवर सप्लाय किंवा उष्णता यांवर संशय घ्यावा. मात्र विंडोज आपोआप पुन्हा सुरू होत असल्याने पडदा पुष्कळदा दिसतच नाही. ती सोय सेटिंगमधून बंद करावी आणि पडद्यावरचा संकेत व फाइलचे नाव वहीत तारखेसह लिहावे. पडदा चुकला तरी विंडोजच्या ‘मिनीडम्प’ फोल्डरमध्ये बहुधा नोंद उरते. मायक्रोसॉफ्टच्या फुकट मिळणाऱ्या ‘विनडीबीजी’ने ती वाचता येते. दर वेळी एकाच ड्रायव्हरचे नाव आले तर चोर बहुधा तोच. दर वेळी नाव निराळे असेल तर रॅमची तपासणी जरूर करावी.

ड्रायव्हर सापडला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक’ करून जुना आणता येतो. नवा घ्यायचा तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्यावा. बाजारात ‘सगळे ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर’ म्हणून जे फिरते, ते आमच्या मते बिनशिक्क्याच्या मालासारखे आहे.

वर्षाचा देखभाल करार करताना आपण फक्त रकमेची घासाघीस करतो. त्यात एक अट लिहून घ्यावी: फॉरमॅटपूर्वी दोषाचे कारण लेखी द्यायचे. चांगल्या कारागिराला ती जड वाटणार नाही.

एवढ्यानेही चोर सापडला नाही तर विंडोजमध्येच ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ आहे. तो संशयित ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देतो, त्यामुळे यंत्र वारंवार बंद पडू शकते, प्रसंगी सुरूच होत नाही. मग सेफ मोडमधून तो काढावा लागतो. हे काम जाणकाराकडून, दुकान बंद असताना आणि हिशेबाची प्रत बाहेर काढून ठेवल्यावरच करावे.