वोडका, चवीनुसार

‘वोडका – चवीनुसार.’

हे मी लिहिलंय. माझ्या हाताने, माझ्या नावाखाली. काही वर्षांपूर्वी थर्टी फर्स्टच्या पुरवणीत अर्धं पान रिकामं राहत होतं. वरून फोन आला, "काहीतरी यंग टाका." मी नेटवरून एका चॉकलेट-कॉफीच्या कॉकटेलची कृती उचलली. मडस्लाइड तिचं नाव. मूळ कृतीत मापं औंसात होती. औंस आपल्या वाचकाला कळायचे नाहीत म्हणून मी ते उडवले आणि मीठ-तिखटाचं लिहितात तसं लिहून मोकळा झालो.

त्याच अंकात आतल्या पानावर माझीच दुसरी बातमी होती. हातभट्टीवर छापा. फोटोत तोंडाला पदर लावलेली एक बाई, पुढ्यात मांडून ठेवलेले कॅन, मागे छाती काढून उभे पोलीस. बाईचं नाव, वय, वस्ती सगळं छापलं.

एका पानावर दारू म्हणजे 'गोड सेलिब्रेशन', दुसऱ्या पानावर दारू म्हणजे 'समाजाला लागलेली कीड'. दोन्ही मथळे माझेच. तेव्हा काही वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

आज हे लिहितोय कारण गेल्या महिन्यात एक प्रकार डोळ्यांसमोर घडला.

ओळखीतल्या एका घरी लग्नाचा वाढदिवस होता. पंधरा-वीस माणसं. पुरुष मंडळी गच्चीवर, नेहमीसारखी. खाली हॉलमध्ये बायका आणि मुलं. यजमानांनी हौसेने मिक्सर लावला. उंच ग्लास, आतून चॉकलेट सिरपच्या रेघा, वर फेसाळ क्रीम, त्यावर किसलेलं चॉकलेट. ट्रे हॉलमध्ये फिरला. एका वहिनींनी विचारलं, "यात काय आहे हो?" उत्तर आलं, "कॉफीच आहे वहिनी, जरा किक असलेली. घ्या हो, डेझर्ट आहे."

वहिनींनी दोन ग्लास घेतले. आवडलं म्हणून घेतले. त्यांनी आयुष्यात कधी दारू घेतलेली नाही. रात्री साडेदहाला लेकीला मागे बसवून स्कूटीवर निघाल्या आणि कॉलनीच्या वळणावर पडल्या. मनगट मोडलं. पोरीच्या हनुवटीला टाके पडले.

दुसऱ्या दिवशी कॉलनीत चर्चा काय? "बाई प्यायलेली होती म्हणे."

पाजणाऱ्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. मीही त्या घरात होतो, गच्चीवर, हातात ग्लास घेऊन. त्यामुळे मी धुतल्या तांदळासारखा नाही हे आधीच मान्य करतो. मी घेतो. दारूबंदीचं भाषण करायला मी बसलेलो नाही. माझं भांडण दारूला डेझर्ट म्हणण्याशी आहे.

आता जरा त्या ग्लासात उतरू.

मडस्लाइड हे कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांवरचं पेय. तिथल्या एका किनाऱ्यावरच्या बारमध्ये १९७० च्या दशकात ते जन्मलं असं सांगतात. एका ग्लासाची नेहमीची कृती अशी : वोडका ३० मिली, कॉफी लिक्युअर ३० मिली, आयरिश क्रीम ३० मिली, वरून ४०-४५ मिली क्रीम, बर्फ आणि चॉकलेट.

लिक्युअर म्हणजे साखर आणि स्वाद घातलेली दारू. आयरिश क्रीम म्हणजे व्हिस्की आणि दुधाची साय एकत्र केलेलं पेय. नावात कॉफी आणि क्रीम असलं तरी दोन्ही दारूच. म्हणजे या ग्लासात एक नाही, तीन दारवा आहेत. बहुतेकांना वाटतं, वोडका तेवढी दारू, बाकी सगळा फराळ.

हिशेब मांडू. आपल्याकडच्या वोडक्यात साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलीत झालं १२.८ मिली. कॉफी लिक्युअर २० टक्क्यांचं धरलं तर ६ मिली. आयरिश क्रीम १७ टक्क्यांचं, म्हणजे ५ मिली. एकूण जवळपास २४ मिली शुद्ध अल्कोहोल.

५ टक्क्यांच्या बिअरच्या ३३० मिलीच्या पाइंटमध्ये असतं साडेसोळा मिली. म्हणजे एक 'डेझर्ट' बरोबर जवळजवळ दीड पाइंट. वहिनींचे दोन ग्लास म्हणजे ४८ मिली. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीत ५२ मिली असतं. त्या माउलीला कुणी स्ट्राँग बिअरची बाटली पुढे केली असती तर तिने ती यजमानाच्या डोक्यात घातली असती. क्रीम लावून दिली, तर "आणखी घ्या ना" झालं.

आणि हा हिशेब माप धरून ओतलं तरचा. हौशी माणूस बाटली तिरकी करतो आणि डोळ्यांनी मोजतो. त्यात ही लिक्युअरं महाग, म्हणून घरी जुगाड होतो. इन्स्टंट कॉफी आणि साखरेचा पाक करून त्यात रम ओततात. कंडेन्स्ड मिल्क, कोको आणि क्रीममध्ये व्हिस्की घालून 'घरगुती आयरिश क्रीम' बनवतात. चव छान येते, नाही म्हणत नाही. पण त्यात किती टक्के झालं हे बनवणाऱ्यालाच माहीत नसतं, तर पिणाऱ्याला कुठून कळणार?

जीभ तरी सांगेल ना? नाही सांगत. दारूचा घसा जाळणारा चटका ही निसर्गाने दिलेली सूचना आहे. साखर आणि साय तो चटका झाकतात. कॉफीचा कडूपणा दारूचा कडूपणा लपवतो. बर्फाच्या गारव्यात जीभ अर्धी बधिर होते. कॉफीतल्या कॅफिनमुळे झोप येत नाही, म्हणून माणसाला वाटतं आपण शुद्धीत आहोत. रक्तातलं अल्कोहोल कॅफिनने थेंबभरही कमी होत नाही. अमेरिकेत २०१० साली तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने कॅफिन घातलेली दारू डब्यात भरून विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला होता, तो याच काळजीपोटी.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. रिकाम्या पोटी, बेताच्या वजनाच्या माणसाची ही मर्यादा अशा एका ग्लासात ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोर्टात "साहेब, मी डेझर्ट खाल्लं होतं" हे चालत नाही.

आता कायद्याचंच बोलू, कारण इथे आपला सगळ्यांचा ढोंगीपणा उघडा पडतो.

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. बारमध्येच नाही, स्वतःच्या घरातसुद्धा. विदेशी दारूसाठी एका दिवसाचे ५ रुपये, वर्षाचे १००, आजन्म १०००. बिअर-वाइनसाठी वय २१, बाकी दारूसाठी २५. म्हणजे तेवीस वर्षांच्या पोराने हॉस्टेलवर मडस्लाइड केली तर तो कायद्याने गुन्हा आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच. आता मनाशी विचारा, तुमच्या ओळखीत कितीजणांकडे परवाना आहे? कृतीचा व्हिडिओ टाकणाऱ्या किती जणांनी वयाचा आकडा सांगितला?

टीव्हीवर दारूच्या जाहिरातीला बंदी आहे, म्हणून कंपन्या सोडा आणि म्युझिकच्या नावावर येतात. पण स्वयंपाकघराच्या ओट्यावर लेबल पुढे करून ठेवलेल्या तीन बाटल्या, पाठीमागे गाणं, खाली हार्टचे इमोजी, ही जाहिरात नाही तर काय? बाटलीवर इशारा छापणं कंपनीला सक्तीचं आहे. ग्लासात ओतलं की तो इशारा बाटलीवरच राहतो.

आणि याच राज्यात गावोगावच्या बायका 'आडवी बाटली'साठी मतदान करतात. उन्हात रांगेत उभं राहून, नवऱ्याच्या शिव्या खाऊन, निम्म्याहून जास्त मतं मिळवतात तेव्हा कुठे गावातलं दुकान बंद होतं. त्या बायकांना दारू काय करते हे कुणी शिकवावं लागत नाही. आपल्या कॉलनीत मात्र बाटली उभी राहते, क्रीम लावून, आणि तिचं कौतुक होतं.

काही मित्र म्हणतील, "हातभट्टी आणि सीलबंद वोडका एकच कशी? मालवणीत माणसं मेली ती विषारी दारूने." बरोबर. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलने. सीलबंद बाटलीत तो धोका नसतो, हे मी शंभर टक्के मान्य करतो. पण इथेनॉल दोन्हीकडे तेच. यकृत ग्लासाची किंमत विचारत नाही आणि वळणावरची खडी तुमची कॉलनी बघत नाही.

दुसरे म्हणतील, "आमच्या घरात आम्ही काय करायचं ते करू." करा ना! मोठी माणसं, कळून सवरून, मापात, गाडीची किल्ली बाजूला ठेवून खुशाल करा. पण समोरच्याला न सांगता पाजणं हे तुमचं स्वातंत्र्य नाही, ती समोरच्याची फसवणूक आहे. उपासाच्या माणसाला फसवून मटण खाऊ घातलं तर गावात डोकी फुटतील. न पिणाऱ्या बाईला फसवून दारू पाजली तर आपण हसतो, "वहिनी रंगात आल्या" म्हणतो.

माझं म्हणणं साधं आहे. ट्रे फिरवण्याआधी 'यात दारू आहे' हे तीन शब्द मोठ्याने बोला. 'किक', 'पंच', 'थोडंसं काहीतरी' हे शब्द बंद. पेगचं माप वापरा, पन्नास-शंभर रुपयांची वस्तू आहे. लहान मुलं असलेल्या घरात हा ग्लास फ्रीजमध्ये उघडा ठेवू नका. पोराला ती कोल्ड कॉफीच दिसणार. बिनदारूचा एक जग वेगळा करा : कडक कॉफी, कोको, साखर, क्रीम, बर्फ, मिक्सरमधून काढा. शपथेवर सांगतो, चवीत फार फरक पडत नाही. फरक पडत नाही हीच तर भीतीची गोष्ट आहे.

आणि आमच्या जमातीला, पत्रकारांना. डिप्लोमाला आम्हाला सहा ककार घोटून घेतले : काय, कोण, कुठे, केव्हा, का, कसे. 'किती' हा सातवा ककार मी कॉकटेलच्या कृतीत गाळला. कृती छापायची तर मिली छापा, टक्के छापा, वय छापा. नसेल जमत तर त्या जागेत शेंगदाण्याच्या लाडवाची कृती टाका. आणि छाप्याच्या बातमीत त्या बाईचा फोटो टाकताना एकदा थांबा. तिने दारूला निदान दारू म्हणून विकलं होतं.

वहिनींच्या हाताचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. त्या अजून घराबाहेर पडत नाहीत. हाताचं कारण सांगतात, पण कारण कॉलनी आहे. परवा मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "भाऊजी, मी विचारलं होतं हो, यात काय आहे म्हणून."

त्यांनी खरंच विचारलं होतं. खरं उत्तर आपण दिलं नाही.

ज्यांच्या घरी हे घडलं ते ही पोस्ट वाचतील याची मला खात्री आहे. दादा, नाव मी घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. पण एकदा त्यांच्या घरी जा, आणि कॉलनीतल्या चार माणसांसमोर सांगा, "चूक आमची होती." मी सोबत येतो. गच्चीवर मीही होतो.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडू, पण भांडायच्या आधी तुमच्या आवडत्या कृतीतले मिली तेवढे मोजून या.